लक्षण, रकाना आणि अभाव

संगणकातील माहितीसाठ्यांची रचना ज्या भाषेत मांडली जाते तिचे 'डीडीएल' हे आद्याक्षरी नाव दोन प्रकारे सोडवले गेले आहे. कोडासिल या अमेरिकी मंडळाच्या कार्यगटाने १९७१ च्या अहवालात 'डेटा डिस्क्रिप्शन लँग्वेज' असा शब्दप्रयोग केला. पुढे एसक्यूएल ही भाषा रूढ झाली, १९८६ मध्ये अमेरिकेत आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिला प्रमाणित रूप मिळाले, आणि 'डेटा डेफिनिशन लँग्वेज' हा विग्रह सर्वमान्य झाला. पहिल्या नावानुसार ही वर्णनाची भाषा ठरते, दुसऱ्यानुसार व्याख्येची. संगणकाच्या व्यवसायात या फरकामुळे कोणाचे काम अडत नाही. पाठ्यपुस्तकांतून तर 'रचनेचे वर्णन' आणि 'रचनेची व्याख्या' हे दोन शब्दप्रयोग एकाच परिच्छेदात सुखाने नांदतात. साहित्यविचाराच्या अभ्यासकाला मात्र त्यांना इतक्या सहजासहजी एकत्र नांदू देता येणार नाही. वर्णन वर्ण्यवस्तूला बांधलेले असते. ते चुकले तर वस्तूकडे बोट दाखवून चूक सिद्ध करता येते. व्याख्या वस्तूच्या आधी उभी राहू शकते, आणि मग बोट कशाकडे दाखवायचे, हा प्रश्न उरतो.

या भाषेचे काम मोजके आहे. 'क्रिएट टेबल' असा आदेश देऊन एक तक्ता निर्माण करायचा, त्याला नाव द्यायचे, त्यात कोणकोणते रकाने असतील ते सांगायचे, आणि प्रत्येक रकान्यात अंक यायचा, अक्षरे यायची की तारीख यायची ते ठरवून टाकायचे. जो रकाना रिकामा राहिलेला चालणार नाही त्यापुढे 'नॉट नल' असे लिहायचे. ज्या रकान्यामुळे एक नोंद दुसरीपासून निराळी ओळखू येते तो 'प्रायमरी की', म्हणजे मुख्य किल्ली, म्हणून नेमायचा. एका तक्त्यातली नोंद दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीच्या आधाराशिवाय उभी राहू नये असे वाटले तर 'फॉरिन की'चे बंधन घालायचे. हे सर्व झाले तरी तक्ता रिकामाच असतो. त्यात एकाही माणसाचे नाव, एकाही जमिनीचे क्षेत्र आलेले नसते. नोंद घालणे, बदलणे, काढणे हे हाताळणीच्या दुसऱ्या भाषेचे काम. आणि मोठ्या कार्यालयांत ही दोन कामे सहसा दोन निराळ्या माणसांकडे असतात. रकाने ठरवणारा वेगळा, रकाने भरणारा वेगळा.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या व्याख्यानांत ज्या उक्तींचा विचार केला, त्यांच्या वर्गात 'क्रिएट टेबल' हा आदेश निःसंशय बसतो. नामकरण, शपथ, पैज यांप्रमाणे तो उच्चारताच काहीतरी घडते. तो खरा किंवा खोटा असू शकत नाही. पण नामकरणाच्या प्रसंगी जमलेल्या मंडळींना आपण काही घडवीत आहोत याची जाणीव असते. माहितीची रचना सांगणाऱ्याला बहुधा ती नसते. आपण असलेल्या जगाचे केवळ वर्णन करीत आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, आणि भाषेचे जुने नाव त्या समजुतीला दुजोरा देते. ज्या कृतीला आपण कृती आहोत हेच ठाऊक नाही, तिची जबाबदारी कोणी घ्यावी, हा प्रश्न तांत्रिक राहत नाही. तो नैतिक होतो, आणि त्याची तपासणी एखाद्या प्रत्यक्ष भूमीवर केल्याशिवाय त्याला वजन येत नाही.

अशी एक भूमी ठाण्याच्या खाडीपलीकडे आहे. एडगर कॉड यांचा माहितीच्या संबंधाधिष्ठित प्रतिमानावरील निबंध जून १९७० मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी १७ मार्चला सिडको या कंपनीची स्थापना झाली. या दोन घटनांत कार्यकारणभाव मुळीच नाही, आणि योगायोगातून सिद्धांत काढण्याचा मोह टाळलेलाच बरा. तथापि दोहोंच्या मुळाशी असलेली एक इच्छा सारखी आहे. माहिती आत कशी रचून ठेवली आहे हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये, अशी कॉड यांची अपेक्षा होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकातून मांडलेल्या आणि पुढे शासनाने उचललेल्या नव्या शहराच्या कल्पनेतही नकाशा वाचणाऱ्याला आतले गाव ठाऊक असण्याची अट नव्हती. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची, सुमारे ३४४ चौरस किलोमीटरची जमीन या शहरासाठी नियोजित झाली. नोड, सेक्टर, भूखंड अशी तिची तीन पायऱ्यांची मांडणी झाली. शहर वसण्याआधी शहराचे रकाने आखले गेले.

या मांडणीचे एक फळ भाषेत दिसते. वाशी, नेरूळ, बेलापूर ही मूळची गावांची नावे. ती नोडांना दिली गेली, आणि ज्यांची ती नावे होती त्या गावांना ओळखीसाठी एक प्रत्यय जोडून घ्यावा लागला: वाशीगाव, नेरूळगाव, बेलापूरगाव. आता 'वाशी' म्हटले की सेक्टर आणि रेल्वेस्थानक डोळ्यांसमोर येते. ज्याला मूळ वाशी म्हणायचे आहे त्याने खुलासा करायचा. शब्दशक्तीच्या परिभाषेत बोलायचे तर वाच्यार्थ होता तो विशेष अर्थ बनला आणि नवा अर्थ वाच्यार्थाच्या आसनावर बसला. यासाठी कोणी गावाचे नाव पुसले नाही. फक्त किल्ली बदलली.

परंतु या प्रदेशात रकान्यांचे राज्य सिडकोपासून सुरू झाले असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. कोणाची जमीन गेली, कोणाला मोबदला मिळावा, याचा निर्णय ज्या कागदावर झाला तो सातबारा संगणकाच्या पुष्कळ आधीचा तक्ता आहे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, गाव नमुना बारा ही पिकांची नोंद, आणि दोहोंत होणारा बदल ज्या वहीतून यायचा ती फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना सहा. या नमुन्यांना १९६६ चा जमीन महसूल अधिनियम आणि १९७१ चे अधिकार अभिलेखाचे नियम यांचा आधार आहे. गट किंवा सर्व्हे क्रमांक, भूधारणापद्धती, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकारणी, पोटखराबा, कुळाचे नाव, इतर अधिकार: हे रकाने तलाठ्याने ठरवलेले नव्हते. तलाठी नोंद घेऊ शके, क्वचित चुकीची नोंद घेऊ शके, प्रसंगी ती लबाडीनेही घेऊ शके. पण एक रकाना वाढवणे त्याच्या हाती नव्हते. तलाठ्याच्या लबाडीवर मराठी ग्रामीण कथेने भरपूर लिहिले. रकान्यांवर लिहिल्याचे फारसे आढळत नाही, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण लबाडीला चेहरा असतो. खोट्या नोंदीविरुद्ध अपील करता येते. नसलेल्या रकान्याविरुद्ध अपील करायचे तर ज्या अर्जावर ते करायचे त्याचेही रकाने आधीच आखलेले असतात.

सातबाऱ्याच्या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय त्याच्या शीर्षस्थानी आहे, आणि तो इतका परिचित आहे की निर्णय म्हणून तो दिसतच नाही. नोंद जमिनीची असते. माणूस तिच्या रकान्यात येतो. वैशेषिकांच्या भाषेत जमीन हे द्रव्य आणि माणूस हा तिच्या आश्रयाने राहणारा गुण. (गाव नमुना आठ-अ मध्ये खातेदारानुसार नोंद असते, तेथे हा क्रम उलटतो, पण तेथेही खातेदार होण्यासाठी आधी जमीन लागते.) कशाला स्वतंत्र तक्ता द्यायचा आणि कशाला दुसऱ्याच्या तक्त्यातील रकाना करायचे, हा माहितीची रचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात पडणारा प्रश्न आहे, आणि सोय पाहून त्याचे उत्तर द्यावे असे त्याला शिकवले जाते. द्रव्य कोणते आणि गुण कोणता, यावर आपल्या दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला. तो सोयीचा प्रश्न आहे असे त्यांपैकी कोणाला वाटले नव्हते.

आता या भूमीवरील प्रत्यक्ष जीवन पाहावे. खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातशेती, मिठागरे, आणि खाडीतली मासेमारी या तीन गोष्टींवर येथील आगरी आणि कोळी समाज जगत होता. 'आगरी' या नावातच आगर आहे. भातशेती सर्व्हे क्रमांकात मावली. मिठागराचा मालक मावला. भर उन्हात त्यात मीठ ओढणारा मावला नाही, कारण तो भोगवटादारही नव्हता आणि कूळही नव्हता. खाडी तर कोणत्याच गटात नव्हती. ज्याचे शेत पाण्याचे आणि पीक माशांचे, त्याच्यासाठी सातबाऱ्यात चुकीची नोंद झाली असे म्हणता येत नाही. तेथे नोंदच संभवत नव्हती. पुढे मिठागर कामगार, भूमिहीन, बलुतेदार यांच्यासाठी लहान भूखंडांच्या निराळ्या वर्गवाऱ्या कराव्या लागल्या, यावरून मूळ तक्त्यात त्यांना जागा नव्हती हेच दिसून येते.

न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'वरील त्याच्याच 'दीपिके'तील गाईचे उदाहरण प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक असते. तांबूस रंग हे गाईचे लक्षण केले तर इतर रंगांच्या गाई सुटतात, ही अव्याप्ति. शिंगे हे लक्षण केले तर म्हशीही आत येतात, ही अतिव्याप्ति. एकच अखंड खूर हे लक्षण केले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. 'प्रकल्पग्रस्त' या शब्दाचे लक्षण 'ज्याच्या नावावरील जमीन संपादित झाली तो' असे केले की दूर राहून केवळ खंड घेणारा मालक त्यात येतो आणि त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेला नोंदविहीन माणूस सुटतो. अतिव्याप्ति आणि अव्याप्ति एकाच लक्षणात! मात्र नैयायिकाची ही कसोटी एका गृहीतावर उभी आहे, आणि येथे तेच डळमळते. गाय त्याला लक्षणाआधी ठाऊक असते. लक्ष्य बाहेर उभे असते म्हणून लक्षण तोकडे पडले हे कळते. विश्वनाथाने मम्मटाच्या काव्यलक्षणावर घेतलेला आक्षेप याच जातीचा होता: दोषरहितत्व ही अट घातली तर उत्तम म्हणून मान्य झालेली काव्येही काव्यपदातून गळतील. तो हे म्हणू शकला, कारण लक्षणाने गाळलेले काव्य रसिकांच्या मुखी जिवंत होते. तक्त्याची व्याख्या करणाऱ्या भाषेत अशी सोय नाही. 'नॉट नल'च्या बंधनामुळे नाकारली गेलेली नोंद तक्त्यात कोठेच उरत नाही. नकाराचीही तेथे नोंद होत नाही. पुढच्या काळातल्या अभ्यासकाने त्या तक्त्याला कितीही प्रश्न विचारले तरी तक्ता प्रामाणिकपणे सांगेल की असा माणूस नव्हता; आणि आपल्या भाषेत तो खरेच बोलत असेल.

म्हणजे अव्याप्तीचे ज्ञान बाहेरून यावे लागते. ते गावाच्या आठवणीतून, मोर्च्यातून किंवा साहित्यातून येते. मराठी समीक्षेला याचा अनुभव स्वतःच्या अंगणात आलेला आहे. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले तेव्हा ते आत्मचरित्र म्हणावे की कादंबरी, अशी चर्चा झाली, आणि काही काळाने 'आत्मकथन' हा निराळा रकाना समीक्षेला आखावा लागला. आत्मचरित्राचे तोवरचे लक्षण ज्या जीवनांवरून बेतले होते त्यांत एका व्यक्तीची घडण हे द्रव्य होते आणि समाज ही पार्श्वभूमी. येथे तो संबंधच उलटा होता. शीर्षकातला शब्दही या संदर्भात मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. बलुते हा जमिनीवरचा हक्क नव्हे, पिकातला वाटा. जमिनीच्या तक्त्यात त्याला 'इतर अधिकार' यापलीकडे कोणते घर मिळाले असते? आणि तेथेही ते लिहिले गेले असते असे मानायला आधार नाही.

येथवरचे विवेचन वाचून रकाना म्हणजेच अन्याय असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो थांबवला पाहिजे. कुलाबा जिल्ह्याचाच इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो. खोतीच्या अमलात कसणाऱ्याचे नाव कागदावर नसणे हीच खोताची सत्ता होती. तोंडी ठरलेला खंड तोंडीच वाढवता येई. अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला. १९३९ च्या कायद्याने 'संरक्षित कूळ' ही संज्ञा आणली, १९४८ च्या कूळकायद्याने ती विस्तारली, आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस कसणाऱ्याच्या मालकीचा दिवस ठरला. कुळाच्या रकान्यात नाव चढणे ही हजारो कुटुंबांच्या आयुष्यातली मुक्तीची घटना होती. ज्यांना अव्याख्येयतेचे, निसटतेपणाचे, व्यवस्थेच्या पकडीत न येण्याचे फार कौतुक वाटते अशा आपल्याकडील काही सैद्धांतिकांनी हे लक्षात ठेवावे. निसटणे हे ज्याच्याकडे दुसरे काही आहे त्याला परवडते. शिवाय प्रत्येक रिकामी जागा रचनेमुळे रिकामी नसते. भोगवटादाराच्या रकान्यात एकाहून अधिक नावे लिहिण्यास अडचण नव्हती. तरी शेतकऱ्याच्या पत्नीचे नाव तेथे दिसत नसे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली आणि शासनाने १९९२ मध्ये तसे परिपत्रक काढले, तेव्हा एकाही रकान्याची भर न घालता ते नाव लिहिता आले. तेथे जागा होती, इच्छा नव्हती.

तरीही रिकाम्या जागेचा प्रश्न एवढ्याने संपत नाही, कारण रिकामेपण अनेक प्रकारचे असते. एसक्यूएलमध्ये रिकाम्या जागेला 'नल' म्हणतात. माहीत नाही, लागू नाही, अजून आलेले नाही, होते पण गेले, या सर्वांसाठी हे एकच चिन्ह. त्याच्यामुळे खरे आणि खोटे यांच्या जोडीला 'अज्ञात' हे तिसरे मूल्य या भाषेच्या तर्कात शिरले. कॉड यांनाच पुढे या एकाकारतेची अडचण जाणवली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी 'लागू आहे पण मिळालेले नाही' आणि 'लागूच नाही' अशा दोन निराळ्या खुणा सुचवल्या. व्यवहाराने त्या स्वीकारल्या नाहीत. वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले आणि त्याचे चार प्रकार केले: उत्पत्तीपूर्वीचा तो प्रागभाव, नाशानंतरचा तो प्रध्वंसाभाव, कधीच नसण्याचा तो अत्यंताभाव, आणि एक वस्तू दुसरी नसण्याचा तो अन्योन्याभाव. हा भेद केवळ पंडिती नाही. ज्याचे नाव या भूमीच्या तक्त्यात कधीच नव्हते आणि ज्याचे होते पण संपादनाने गेले, त्या दोघांचे आजचे नसणे सारखेच दिसते. एकाच्या नसण्यात मात्र एक दावा शिल्लक असतो.

हस्तलिखित सातबाऱ्याने हा भेद एका साध्या खुणेने सांभाळला होता. कमी झालेले नाव खोडून नाहीसे करत नसत. त्याला कंस करीत आणि फेरफाराचा क्रमांक लिहीत. 'नावाला कंस झाला' असा शब्दप्रयोगच महसुली मराठीत रूढ आहे. कंसातले नाव वाचता येई. त्याच्या क्रमांकावरून वहीत मागे जाता येई. तेथे तारीख, कारण आणि साक्ष सापडे. सातबारा संगणकावर आला तेव्हा ही खूण राखली गेली, हे रचना करणाऱ्यांच्या विवेकाचे लक्षण मानले पाहिजे, कारण संगणकाची सहजप्रवृत्ती जुन्या मूल्यावर नवे मूल्य लिहिण्याची असते आणि त्या लिहिण्याला 'अद्ययावत करणे' असे गोड नाव असते. प्रध्वंसाभावाला स्वतंत्र खूण देणारी ही पद्धत कोणा तत्त्वज्ञाने घालून दिलेली नाही. कारकुनी गरजेतून ती आली.

१९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासई परिसरात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्याची मागणी वाढीव मोबदल्यापुरती होती असे म्हणणे अपुरे होईल. मोबदला दिला की व्यवहार संपतो, जमीन देणाऱ्याचा तिच्याशी असलेला संबंध संपतो, ही तक्त्याची समजूत होती. ती मागणीने नाकारली. १९९० आणि १९९४ च्या शासननिर्णयांनी आकाराला आलेल्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाच्या योजनेत, तिच्या अंमलबजावणीबद्दल कोणाचे काहीही मत असो, एक तात्त्विक कबुली आहे: ज्याच्या नावाला कंस झाला तोही या शहराच्या तक्त्यात एक चालू नोंद आहे. पाच माणसे मेल्यानंतर एका नोंदीचे भूतकाळातून वर्तमानकाळात रूपांतर झाले. रचना बदलण्याचा आदेश संगणकात एका ओळीचा असतो.

त्याहून विलक्षण प्रकार 'गरजेपोटी' या शब्दाचा. गावठाणे वाढली, मुलांची लग्ने झाली, आणि संपादित पण मोकळ्या जागेवर घरे उभी राहिली. नियोजनाच्या तक्त्यात घराला अधिकृत आणि अनधिकृत ही दोनच मूल्ये होती. 'गरजेपोटी बांधलेली घरे' हा गावकऱ्यांच्या बोलण्यातला शब्दसमूह हळूहळू शासनाच्या भाषेत शिरला, आणि २०२२ च्या शासननिर्णयापर्यंत ती एक मान्य वर्गवारी झाली. या शब्दात घराचे क्षेत्र नाही, बांधकामाचा प्रकार नाही. त्यात हेतू आहे. त्यात कथन आहे: कोणीतरी होते, त्याला जागा पुरेना, म्हणून त्याने बांधले. जमिनीच्या कोणत्याही नमुन्यात कारणाचा रकाना कधी नव्हता. कथनमीमांसेत ज्याला प्रेरणा म्हणतात ती एका प्रशासकीय वर्गवारीचे नाव होऊन बसावी, ही घटना मराठी गद्याच्या अभ्यासकांनी दुर्लक्षावी अशी खचित नाही. अर्थात हेतूचा रकाना आला की हेतू सिद्ध करण्याची कागदपत्रेही येतात, आणि गरज नसलेलेही गरजेपोटी बांधू लागतात. अतिव्याप्ति पुन्हा दारात उभी राहते.

व्याख्या बदलता येते, हे खरे. 'ऑल्टर टेबल' हा आदेश त्यासाठीच आहे. पण बदलाचेही प्रकार आहेत. शिवाजी महाराजांच्या प्रेरणेने सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'ने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. त्याचे सांस्कृतिक मोल मोठे आहे, परंतु संज्ञा बदलल्याने संज्ञित व्यवस्थेचा साचा आपोआप बदलत नाही. नाव बदलणे आणि रकाना वाढवणे यांत हाच फरक आहे. रकाना वाढवला की जुन्या नोंदींचे काय करायचे, हा प्रश्न लगेच समोर येतो. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले. त्या दिवसापूर्वी जन्मलेल्या कोट्यवधी माणसांच्या नोंदीत तशी जागा कल्पिली तर ती रिकामी दिसेल, आणि ते रिकामेपण आई नसल्याचे नव्हे, विचारले न गेल्याचे असेल. त्या जागी काही ठरीव मूल्य आपोआप भरण्याची सोय माहितीच्या भाषेत आहे. तिला 'डिफॉल्ट' म्हणतात. कोणीही न उच्चारलेले उत्तर प्रत्येकाच्या तोंडी घालणारी ही सोय फारच थोड्यांना खटकते.

आज वाशी स्थानकावरील इमारतीत, महापे आणि ऐरोली येथील संकुलांत, दूरदूरच्या संस्थांसाठी असे तक्ते रोज आखले जातात. आखणाऱ्याच्या खिडकीतून खाडी दिसत असते. त्याच खाडीच्या दुसऱ्या टोकाला, उरण परिसरातील कोळीवाड्यांच्या बाबतीत, राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा निर्णय दिला. बंदराच्या कामांमुळे ज्यांचे मासेमारीचे पिढीजात साधन हिरावले गेले त्यांचा हा दावा होता, आणि त्यात दाखवायला सर्व्हे क्रमांक नव्हता. येथे द्रव्य बदलले. नोंदीचे एकक जमीन न राहता कुटुंब झाले, आणि पाण्यावर जगणे हा त्याचा गुण. जमिनीच्या तक्त्याला शतकभर जे सुचले नाही ते एका निर्णयाने व्याख्येत आले.

पण कुटुंब हे एकक ठरले की कुटुंबाच्या आतले पुन्हा गुण होतात. ओहोटी लागल्यावर गुडघाभर चिखलात उतरून निवट्या, खुबे आणि खेकडे हाताने गोळा करणारी बाई या किनाऱ्यावर पूर्वीपासून आहे. तिच्याकडे बोट नाही, म्हणून नोंदणीक्रमांक नाही. जाळे नाही, म्हणून परवाना नाही. तिची जागा दर पाण्याला बदलते, म्हणून पत्ता नाही. तिला स्वतःचा तक्ता द्यायचा की कोणाच्या तक्त्यातला रकाना करायचे, आणि तक्ता दिलाच तर त्याची किल्ली कोणती, हे तिला विचारल्याशिवाय ठरवण्याजोगे नाही. विचारायला जाणाऱ्याने भरती-ओहोटीच्या वेळा पाहून निघावे लागेल. कार्यालयीन वेळेत ती बहुधा चिखलात असते.